कोरडे सोवळे

आई, काल माझ्या बायकोने तुझा सोवळ्यात नेसायचा रेशमी मुकटा उन्हात घातला. जागोजागी विरला आहे, पण टाकू देत नाही. म्हणाली, "सासूबाईंनी माझ्यावर नाही तो संशय घेतला, पण हा मुकटाही त्यांनीच दिला." मी पोथीत मान घातली.

तेव्हा मी कल्याणच्या कचेरीत होतो, शनिवारी ठाण्याला घरी येत असे. हिच्या अंगावरून पांढरे जात होते, जागेला सूज होती, खाज आणि आग होती. मला जवळ येऊ देत नव्हती. कचेरीत एकजण म्हणाला होता, असले दुखणे परपुरुषाकडूनच लागते. तेवढे मला पुरले. फुले घालणाऱ्या माळ्याकडेसुद्धा मी रोखून पाहू लागलो.

तू तिला तुरटीच्या पाण्याने धुवायला लावलेस, तर आग वाढलीच. मग बाळकुमची सुईण आली. मी ओसरीवर कान देऊन बसलो आहे. तपासून झाल्यावर ती तुला विचारते, "ही रोज ओलं नेसून चुलीपुढं बसते?"

"सोवळ्याचा स्वयंपाक तो. ओलेत्यानंच करायचा."

"वा काकू! सोवळं तुमचं नि आग पोरीला! अर्धा दिवस ओलं अंगाला, वर तुरटी. सुजेल नायतर काय? तुरटी बंद करा. उकळून निववलेलं पाणी घ्या, मऊ फडक्यानं टिपा, चोळू नका. नि तिला कोरडं नेसू द्या."

"मग सोवळं कसलं?"

"तुम्ही नेसलाय ते कोरडंच हाय ना?"

तू मुकटा नेसली होतीस. रेशीम कोरडे असले तरी सोवळ्यात चालते. दुसऱ्या दिवसापासून मुकटा हिच्या अंगावर, आणि ऐन थंडीत ओलेती तू. मला मात्र वाटत राहिले, सुईण हिला सामील आहे. पंधरा दिवसांत हिला आराम पडला, तरी माळ्याची पावले मी ऐकतच होतो.

"खरं सांग, कुणाच्या नादी लागलीस का?" असे तू हिला विचारले होतेस. ती अजून ते विसरलेली नाही. पण तो प्रश्न माझा होता. तू वाती वळत होतीस तेव्हा मीच म्हणालो होतो, "मला विचारवत नाही, तू विचार." तू मरेपर्यंत माझे नाव घेतले नाहीस.

हे पत्र तुला पोचायचे नाही. ज्या हाती द्यायला हवे ते हात इथून चार पावलांवर तांदूळ निवडत आहेत. तिला वाचता येत नाही, याचे मला बरे वाटते आहे.