पठारावरचे मुके रेडिओ

९ जुलै

आज रेडिओनेच आपल्या मरणाची बातमी दिली! दुपारच्या बातम्या संपल्या आणि त्याच थंड आवाजात बाई म्हणाली — तीस जुलैनंतर जिल्ह्याचं केंद्र या लहरींवरून बंद, पुढे इंटरनेटवर ऐका. म्हणजे आम्ही ऐकायलाच नको. या पठारावर फोनला एक काडी मिळवायची तर घोडा काढून खिंडीपर्यंत जावं लागतं, आणि खिंडीतही ती मर्जी असेल तर मिळते.

इथे तंबू तेवढे रेडिओ. त्यात नवा एकही नाही. सगळे सोव्हिएत काळातले, जाडजूड ओकेआन नाहीतर वेफ. एकूणएक माझ्या हाताखालून गेलेले. कुणाच्या काट्याला मासेमारीची दोरी बांधलीय, कुणाचे सेल लाकडाच्या पेटीत बाहेर बसवलेत, एक तर चापट मारल्याशिवाय बोलत नाही. उन्हाच्या पत्र्यावर चालणारे चार केलेत. आता हे सगळं कशासाठी?

संध्याकाळी पठारावरच्या सगळ्यात वडीलधाऱ्या, शेरिपबाय आजोबांकडे बसलो होतो. म्हणाले, "मिस्त्री, आता काय करशील?" म्हटलं मेंढ्या राखीन. "त्या तरी ऐकतात का तुझं?" सगळे हसले. मीही हसलो. पण घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा, वाडगा भरलेलाच खाली ठेवला.

१२ जुलै

कालिपा वहिनीचा ओकेआन दुरुस्तीला आला. दूरच्या नात्याने वहिनी, पण सख्खीपेक्षा जास्त तोंड टाकते. ओढ्यापलीकडे एकटीचा तंबू. नवरा गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली, मुलगा एलदोस रशियात इमारतींच्या कामावर. रेडिओ माझ्यासमोर आदळला आणि म्हणाली, "भावोजी, नुसता खरखरतोय. तुमच्या संगतीला लागला वाटतं."

उघडला. आवाजाच्या बटणात धूळ, बाकी काही नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला की गाणार. उद्या न्या म्हटलं. जाताना सांगत होती, शरदात एलदोस येणार, आला की लग्न उरकायचं. मुलगी बघून ठेवलीय. मुलीला अजून माहीत नाही, एलदोसलाही नाही.

१३ जुलै

एलदोस गेला.

दुधाची गाडी घेऊन नुरदीन आला, त्याच्याकडून कळलं. परवा परांचीवरून पडला. नुरदीन दुधाचे कॅन उतरवायचे विसरून नुसता उभा होता.

म्हातारे शेरिपबायांच्या तंबूमागे जमले. मलाही बोलावलं. ठरलं — वहिनीला आत्ता सांगायचं नाही. आईच्या अंगावर अशी बातमी फेकायची आमच्यात रीत नाही. तिचा सख्खा भाऊ हवा. तो लांब, तालासला. तो आला की सगळ्यांनी मिळून जायचं, बसायचं, कुठूनतरी लांबून बोलायला सुरुवात करायची, आणि तिला धरून धरून तिथपर्यंत न्यायचं. तोपर्यंत आईने रडायचंही नाही, कारण रीतीने तिला कळलेलंच नसतं. मयतही रशियाहून यायचीय, कागदपत्रं व्हायचीत. तोवर तोंडं बंद.

मग शेरिपबाय माझ्याकडे वळले. "तिचा रेडिओ तुझ्याकडेच आहे ना? राहू दे तिथेच."

लगेच कळलं मला. उद्यापासून मयत येईपर्यंत रोज दुपारच्या बातम्यांनंतर एलदोसच्या नावाने शोकसंदेश वाचतील. गावाकडून, शाळेकडून, सोयऱ्यांकडून. बापाचं नाव, आजोबाचं नाव लावून, सावकाश. आमच्याकडे माणूस मेला की त्याचं नाव रेडिओवर येतं. जन्मलं, लग्न झालं, तरी येतं. नाव आलं नाही तर त्या गोष्टीला वजनच येत नाही. खालच्या गावातल्यांनी संदेश देऊन टाकलेत, ते आता कोण थांबवणार?

मान हलवली. रेडिओ मी सकाळीच पुसून, वाजवून ठेवला होता. आज न्यायचा होता तिने.

१४ जुलै

वहिनी आली. म्हटलं पार्ट खराब झालाय, खालून मागवावा लागेल. "कुठला पार्ट?" तोंडाला आलं ते नाव सांगितलं. असा पार्टच नसतो!

शेरिपबायांनी सगळीकडे निरोप फिरवला — दुपारी रेडिओ लावायचे नाहीत. या पठारावर आवाज लांबवर जातो, ओढ्यापलीकडे तर जातोच. बातम्यांची वेळ झाली आणि सगळं गप्प. एरवी या वेळी एकच बाई दहा तंबूंतून बोलत असते, थोडी पुढेमागे. आज मेंढ्यांचं ओरडणं तेवढं. माझाही मी बंद केला. जन्मभर बंद पडलेले बोलते केले, आणि आता हे काम!

१६ जुलै

कुमीसची पिशवी घेऊन आली. लाच आहे म्हणाली. "पार्ट येईपर्यंत दुसरा एखादा द्या की. फळीवर पाच दिसतायत." म्हटलं सगळे मेलेले आहेत. तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी ठेवून निघाली. तिच्यामागे कुमीस प्यायलो नाही, कुत्र्याच्या ताटलीत ओतला. त्यानेही प्यायला नाही.

१७ जुलै

आज आली नाही. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

२० जुलै

तालासहून काही नाही. दरड कोसळून रस्ता बंद आहे म्हणे. नुरदीनने खिंडीतून फोन लावला, भाऊ निघालाय, मध्येच अडकलाय. मयतीचे कागदही अडकलेत.

शेरिपबायांकडे गेलो. सरळ म्हटलं, सांगून टाकू या, मला हे जमत नाही. ते तसे मऊ माणूस, पण तडकले. "आईला घोड्यावरून ढकलायचं नसतं, मिस्त्री. हात धरून उतरवायचं असतं."

म्हटलं, पण तीस तारखेला केंद्रच बंद होतंय, नंतर काही उरणार नाही. "तुला त्या खोक्याचं पडलंय का?" उठून निघालो. परत येताना वाटेत विचार केला, खरंच खोक्याचंच पडलंय का मला? असेलही. या वयात माणसाला स्वतःचंसुद्धा नक्की सांगता येत नाही.

पण दुपारचं काहीतरी चुकतंय हे कळतंय. काय ते नेमकं धरता येत नाही.

२१ जुलै

पाऊस. काम नाही. कुणी रेडिओ आणत नाही. लावायचेच नाहीत तर बिघडणार कसे?

२४ जुलै

वहिनी आली. बसली. पार्टचं विचारलंच नाही. चेहरा उतरलाय, थट्टा नाही, काही नाही. लोकरीच्या नमद्यावरचं कुसळ उचलत राहिली. मग म्हणाली, "भावोजी, तीसला बंद होणार ना ते? त्याआधी एक दिवस द्या. एक दुपार. मग बिघडलेलाच ठेवा."

रेडिओ माझ्या मागे, सतरंजीखाली झाकलेला. हात मागे केला तर लागला असता. बाहेरून शेरिपबायांच्या सुनेने मला हाक मारली. मुद्दामच मारली असणार, वहिनीला इकडे येताना पाहिलं असेल. मी उठलो. म्हटलं शुक्रवारी नुरदीन पार्ट आणतोय.

"बरं," म्हणाली. एवढंच.

ती गेल्यावर रडलो. 

२७ जुलै

शुक्रवार गेला. मी ओढ्याकडे फिरकलो नाही, तीही आली नाही. लांबून दिसते — घोड्यांचं दूध काढते, पाणी नेते, दुपारी तंबूच्या दारात बसते. बसलेलीच असते. काय करते तिथे? आमच्याकडे पाहते असं वाटतं.

नुरदीन म्हणाला, खाली रेडिओ केंद्राचा मनोरा उतरवायला माणसं आलीत. भंगारवाला आधीच येऊन बघून गेला. त्या मनोऱ्यावर तरुणपणी मी चढलोय, दिवे बदलायला. वरून आमची सगळी कुरणं दिसायची.

३० जुलै

संपलं. दुपारचं आजही लावलं नाही कुणी. संध्याकाळचा शेवटचा कार्यक्रम मात्र लावला, त्यात संदेश नसतात. जुनी गाणी, मग त्या बाईने सगळ्यांचे आभार मानले. आवाज थंडच, पण शेवटी एकदा थांबली. मग राष्ट्रगीत. मग नुसती खरखर.

काटा फिरवत राहिलो. सीमेपलीकडचं चिनी केंद्र दणक्यात लागतं, त्यातलं एक अक्षर कळत नाही. वहिनीचा ओकेआन सतरंजीखालून काढला, लावून पाहिला. ठणठणीत आहे. खरखरसुद्धा किती स्वच्छ येते त्याच्यावर.

१ ऑगस्ट

मयत बिश्केकला उतरली. भाऊ नुरदीनच्या गाडीतून आला. माझ्याच वयाचा, कोटाला सगळा चिखल. उद्या सकाळी जायचं. शेरिपबायांनी मला सांगितलं, रेडिओ बरोबर घे, तिच्या हवाली कर.

२ ऑगस्ट

सगळे गेलो. शेरिपबायांनी गवतापासून सुरुवात केली, मग ओढ्याचं पाणी, मग कुणाचा तरी जुना घोडा. वहिनीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"दुपारी एकही रेडिओ बोलेना, त्याच दिवशी कळलं मला. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर तुम्ही मोठ्याने लावून ऐकलं असतं. तुम्ही सांगितल्याशिवाय रडता येत नव्हतं, म्हणून थांबले."

मग माझ्याकडे वळली. रेडिओ माझ्या मांडीवरच होता, त्याच्याकडे बघितलंही नाही.

"कसं वाचलं हो त्याचं नाव, भावोजी? आजोबाचं लावून वाचलं का? कुणाकुणाचे संदेश होते?"

मी शेरिपबायांकडे पाहिलं. त्यांनी नुरदीनकडे. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळ्या पठारावर कुणीच ऐकलं नव्हतं.