पानं बदलतात

१४ ऑक्टोबर
दिराला, हेमंतला, वसईत ॲडमिट केलं. पोट तट्ट फुगलंय, उजव्या कुशीत दुखतं. लिव्हरला सूज, पोटात पाणी. डॉक्टरांनी दारूचं विचारलं. त्याची बायको मनीषा म्हणाली, "लोकांच्या हळदीलासुद्धा घेत नाय हो ते." गावठी औषध, चूर्ण काही? "नाय."
वि. भावाजवळ थांबला. मी घरी. अकरावीचे पेपर तसेच.

१५ ऑक्टोबर
मनीषाने हेमंतचे कपडे आणायला त्यांच्या निर्मळच्या घरी पाठवलं. स्वयंपाकघरात टोपात काढ्याचा चोथा. खिडकीच्या गजाला पिवळ्या फुलांची वाळलेली जुडी. सप्टेंबरात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, तेव्हा हेमंतने फोटो पाठवून विचारलं होतं, वयनी, हा पिवळा माका ना? लिव्हर साफ करतो म्हणतात. मी लिहिलं होतं, हो.
जुडी हातात घेतली तर बियांचे पांढरे तुरे बोटांना चिकटले. माक्याच्या बीला असा तुरा नसतो. माक्याची पानं समोरासमोर, ही एकाआड एक. मी हे दर वर्षी फळ्यावर काढते.
ही सोनकी. डोंगरकड्यांवरची. दोघी सूर्यफुलाच्याच कुळातल्या, लांबून फूल सारखंच. पण सोनकीच्या प्रजातीतल्या बऱ्याच झाडांत लिव्हर बंद पाडणारं विष असतं.
तशीच रिक्षा करून हॉस्पिटल. डॉक्टरांना जुडी दिली. त्यांनी मनीषाला बोलावलं. ती गोंधळली. "काढा म्हणजे औषध थोडंच? आपण तुळशीचा पण घेतो."
माझ्याकडे एकदाच बघितलं.

१६ ऑक्टोबर
फोटो शोधून मोठा करून पाहिला. पानं समोरासमोर, खरखरीत. मागे केळीचा बुंधा. तो माकाच होता. मी चुकले नव्हते. इतका मोकळा श्वास घेतला की नंतर स्वतःचीच शिसारी आली. आत माणूस तळमळतोय.
मग सोनकी आली कुठून? वि.ला ठाऊक होतं. माका हेमंतच्याच बागेत, केळीच्या बांधावर माजलाय. पण बांधावर तणनाशक तोच मारतो. "मी मारलेलं मीच पिऊ काय," असं म्हणून रविवारी तुंगारेश्वरच्या बाजूला गेला आणि कड्यावरून तसलीच पिवळी फुलं घेऊन आला. डोंगरातलं, शुद्ध.
वि. म्हणाला, "मग तुझं काय चुकलं?" मला नेमकं हेच ऐकायचं होतं. म्हणूनच त्याला फोटो दाखवला, असं आता वाटतं.

१७ ऑक्टोबर
जुडीतली थोडी फुलं ठेवून घेतली होती. कॉलेजातून भिंग आणलं. आपल्याकडच्या कड्यांवर सोनकी एकाच जातीची नाही. एकीची पानं बुडाशी कान काढून खोडाला बिलगतात. एकीच्या पानाखाली कापसासारखी लव. खालची मोठी पानं असती तर सांगता आलं असतं, पण हेमंतने नुसते शेंडे खुडलेत. चोथाही धुऊन पाहिला. उकळल्यावर लव काय आणि कान काय.
संध्याकाळी डॉक्टरांना म्हटलं, नेमकी जात अजून लागत नाही. ते दमलेले होते. "मॅडम, सोनकी आहे ना? नक्की? बास. जातीवरून माझी ट्रीटमेंट बदलत नाही."
तरी घरी येऊन पुन्हा भिंग घेतलं. कुणासाठी? कमी विषारी निघेल ती शोधत होते. कुठली कमी विषारी हेही मला ठाऊक नाही.

१९ ऑक्टोबर
आज काढलं पोटातलं पाणी. पुन्हा भरेल म्हणतात. किडनीवर ताण आलाय. लिव्हर बदलायला लागलं तर, असा शब्द पहिल्यांदा निघाला. वि. लगेच म्हणाला, माझं तपासा. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
मनीषा बाकावर होती. तिला फोटो दाखवावा असं वाटलं. म्हणजे, माझा माका बरोबर होता हे तिला कळावं. मोबाइल काढलासुद्धा. तेवढ्यात तीच बोलली. "मला पण पानं येगळी वाटलेली, ताई. ह्यांना बोलले मी. हे बोलले, डोंगरात पाणी कमी, पानं बारीक होनारच. म्हनून तर तुम्हांला फोन केलेला."
कधी?
"तुम्ही पेपर तपासत होत्या. मी इचारलं, कोरड्या जागी झाडाची पानं बदलतात काय? तुम्ही बोलल्या, बदलतात."
आठवलं. कानाला फोन, हातात लाल पेन. बदलतात, असं म्हटलं. वर एक वाक्य सांगितलं, सावलीतलं पान मोठं, उन्हातलं बारीक. का विचारतेस, असं विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
उत्तर बरोबर होतं. पान बारीक होतं, जाड होतं, लव धरतं. पण समोरासमोरचं एकाआड एक होत नाही. एवढंच सांगायला हवं होतं आणि त्यासाठी आधी, कुठलं झाड, हे विचारायला हवं होतं.
मोबाइल पर्समध्ये टाकला. ती म्हणाली, "मग मी रोज उकळला. कधी कंटाळले नाय." तिचा हात धरावा असं वाटलं. धरला नाही. ते माझ्याच समाधानासाठी झालं असतं.

२१ ऑक्टोबर
हेमंतला मुंबईला हलवलं. गुंगीत होता. मनीषा ॲम्ब्युलन्समध्ये. मी कॉलेजला गेले, तास घेतला. एका मुलीने प्रयोगवहीतल्या आकृतीत पान खोडाला चुकीचं जोडलं होतं, तिच्यावर इतकी ओरडले की वर्ग गप्प.
वि.ला फोनचं सांगितलं. मग, "हे तिने कुणाला सांगितलंय?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग तू कशाला सांगतेस."
त्याच्या तपासण्या सुरू झाल्या.

२४ ऑक्टोबर
आज हेमंत शुद्धीवर. रिपोर्ट किंचित बरे. डॉक्टर म्हणतात, अजून खात्रीने काही सांगता येत नाही, पुढचा आठवडा बघू.
आत दोघांनाच सोडतात. मनीषा आणि मी. हेमंतचं तोंड सुकलेलं, तरी चेष्टा सुटत नाही. "आल्या मास्तरीणबाई. हजेरी लावा." मग मनीषाला विचारलं, काढ्याची जुडी झाकून ठेवलीस ना, झुरळं लागतील. ती चादर नीट करायला लागली.
तेव्हा कळलं, त्याला कुणीच काही सांगितलेलं नाही. तो समजतोय, मूळचंच दुखणं बळावलं.
माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, ह्या डॉक्टरांचं मला काय खरं वाटत नाय. घरी गेलो की काढा परत चालू करू. तू पास केलेला आहे ना."
मनीषाने चादरीवरून मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. ती सांगणार नव्हती, हे मला दिसत होतं.
मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "हेमंत," असं म्हटलं. नर्स आली, वेळ संपली म्हणाली.
उद्या पुन्हा जायचंय, सकाळच्या भेटीला. मनीषाला सांगितलंय, मला पाच मिनिटं एकटीला आत जाऊ दे. ती म्हणाली, "नको ताई. मी पन असेन."