दोर हलका होतो

४ नोव्हेंबर

आले एकदाची पुण्यात. कर्वेनगरात खोली मिळाली, नोकरी मिळाली, आणि नोकरीच्या आधी घरमालकीणबाईंचे नियम मिळाले. मथुराबाई नाव. जिन्यात चपला नकोत, गॅलरीत ओले कपडे नकोत, खोलीत पाहुणे नकोत. भाडेकरू तरी चालेल ना, असं विचारावंसं वाटलं, पण पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले.

आप्पा सोडायला आले होते, सासवडहून सीताफळांची पाटी घेऊन. मथुराबाईंनी विचारलं, मुलगी एकटी राहणार, भिणार नाही ना. झालं, आप्पांना आयतंच मिळालं. लहान असताना हिच्या कमरेला दोर बांधून विहिरीत सोडली, वरून दोर मी धरला होता, पोरगी हसत हसत वर आली, ही काय कुणाला भिणार हाय, असं सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. ही गोष्ट मी हजारदा ऐकली आहे. तरी दर वेळी ते गार हिरवं पाणी आणि काठावर ओणवे झालेले आप्पा दिसतात, आणि बरं वाटतं. माझी सगळ्यात जुनी आठवण तीच.

संध्याकाळी आईला फोन केला. आईला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून समोरच्याचं प्रत्येक वाक्य ती मोठ्यानं जसंच्या तसं म्हणून बघते. मी जेवले म्हटलं की तीही म्हणते, मी जेवले. मग पुढचं बोलायचं. त्यात आप्पांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे ते बोलत असले की आख्ख्या आळीला दोन्हीकडचं ऐकू जातं.

९ नोव्हेंबर

माझ्या नोकरीचं केंद्र म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. खाजगीवाले मॅडम बरीच वर्षं एकाच प्रश्नामागे आहेत: मोठा धक्का बसलेल्या माणसांची भीती कमी कशी करायची. कॉलेजातली मुलं येतात, मोठी माणसंही येतात. पद्धत सोपी आहे. आलेल्यानं डोळे मिटायचे आणि जे घडलं ते आत्ता घडतंय असं सांगायचं. मी पडलो नाही, मी पडतोय. त्यानं एक वाक्य सांगितलं की समोर बसणाऱ्यानं तेच वाक्य, तसंच, ‘मी’ म्हणूनच परत म्हणायचं. आपली भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की तिचा जोर ओसरतो, असं मॅडमचं म्हणणं. समोर बसणारी मी. मॅडम काचेपलीकडे.

हे तर आमच्या आईचं काम, असं मी म्हणून गेले. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याआधी शकील नावाचा मुलगा होता. तो का सोडून गेला विचारलं तर म्हणाल्या, त्याला विचारा, मी चौकशीची खिडकी नाही. पुण्यात आल्याची खात्री पटली.

२२ नोव्हेंबर

जैनबबाई आज शेवटच्या बैठकीला आल्या. शाळेत गणित शिकवतात. घरात कुकर उडाला तेव्हा डावा कान भाजला होता, तेव्हापासून शेजारच्या शिट्टीनंही थरथरायच्या. आज डबा घेऊन आल्या. मसालेभात, आणि कुकरमध्ये स्वतः केलेला. मॅडमनी खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या, म्हणजे आवडला.

एम.ए. करताना मानसशास्त्र म्हणजे नुसती पाठांतराची कसरत वाटायची. आज पहिल्यांदा वाटलं, शिकले त्याचं चीज झालं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, भ्यालेल्यांचं ऐकायला पगार देत्यात, आमी गावात फुकट ऐकतो.

३ डिसेंबर

आज स्वतःचंच हसू आलं. मथुराबाईंच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी अनवाणी जिन्यात. डावा कान दोन्ही हातांनी धरलेला. छताला उडालेली पिवळी डाळ स्पष्ट दिसली, मी ती कधी पाहिलेली नसताना. कानाला काही झालेलं नाही. तरी दुखतो.

मॅडमना सांगितलं. नव्या माणसाला होतं असं, चहा घ्या, म्हणाल्या. घेतला. पण मथुराबाईंच्या स्वयंपाकाच्या वेळी आता मी खाली चक्कर मारायला जाते.

११ डिसेंबर

मच्छिंद्र म्हणून एक तरुण मुलगा आला, आईबरोबर. कात्रजकडचे. त्यांचं गाव शहरात गेलं, शेतावर इमारती उठल्या, विहीर तेवढी राहिली. त्या विहिरीत हा धाकट्या भावाला, सोनबाला, पोहायला शिकवत होता. दोर हातातून सुटला. तेव्हापासून पाण्याचा तांब्या धरला तरी याचा हात कापतो. पोरगं वाळत चाललंय, कायतरी करा, असं त्याची आई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तो सांगत गेला, मी म्हणत गेले. दोर माझ्या हातात हाय. खाली पाणी हिरवं हाय. दोर ओला हाय. दोर हलका होतो. या वाक्याशी तो अडला आणि तेच म्हणत राहिला, मीही म्हणत राहिले. शेवटी तो रडला आणि तिथंच सतरंजीवर झोपला. भाऊ गेल्यापासून रडलाच नव्हता, असं आई म्हणाली.

मला इतकं नीट जमलं याचं कारण उघड आहे. विहीर, दोर, हिरवं पाणी, सगळं माझ्या ओळखीचं.

२० डिसेंबर

मच्छिंद्र बरा झाला. घटाघट पाणी प्यायला, वर हसला. त्याच्या आईनं माझी ओटी भरली. मला लाजल्यासारखं झालं.

परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी नेहमीसारखी आपली विहीर आठवली. पाण्यात मी नव्हते. पाण्यात आप्पा होते. काठावर मी, दोर माझ्या हातात, आणि दोर हलका.

उतरल्या उतरल्या आप्पांना फोन लावला. शेतात पाणी धरायला गेले होते, छान बोलले. मला धीर आला. पण ते बोलत असताना माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे कोण बोलतंय.

२९ डिसेंबर

पोरं आजारी पडली की आई उतारा काढायची. भाकरी, लिंबू, अंगावरून ओवाळून तिठ्यावर ठेवायचं. आम्हाला ताकीद असायची, ओलांडू नका, ज्यानं ओलांडलं त्याला लागतं. मी मोठी होऊन त्यावर निबंध लिहिला होता, अंधश्रद्धेच्या विरोधात. पहिला नंबर आला होता. आणि आता रोज केंद्रात बसून मी दुसऱ्यांचे उतारे एकेक करून ओलांडते आहे.

मॅडमना म्हटलं, मला मच्छिंद्रचं परत कुणाला तरी सांगू द्या. तुम्ही बसा समोर, एकदाच. काचेकडे बघत म्हणाल्या, त्या खुर्चीत बसायलाच तुम्हाला ठेवलंय. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. आधीपासून ठाऊक आहे.

नोकरी सोडली. काही फरक पडला नाही.

४ जानेवारी

शकील मंडईत सापडला, मामाच्या फळांच्या गाळ्यावर. केंद्राचं नाव घेताच त्यानं हातातली संत्री खाली ठेवली.

म्हणाला, ते आपोआप जात नाही. आपण सांगायचं आणि समोरच्यानं ‘मी’ म्हणून परत म्हणायचं, तरच जातं. त्यानं मोठ्या भावाला सांगितलं होतं. अपघाताची गोष्ट होती कुणाची तरी. हलकं वाटलं त्याला लगेच. पण भावासाठी त्या अपघातात शकीलच गेला. भाऊ आता दर शुक्रवारी कब्रस्तानात त्याच्या नावानं फातिहा पढतो. शकील समोर जाऊन उभा राहिला तर म्हणतो, आप कौन.

निघताना त्यानं मला दोनदा बजावलं, घरच्याला देऊ नको. ज्याला देशील त्याचं सगळ्यात लाडकं माणूस त्यात जातं.

घरच्याला नाही द्यायचं. परक्याला देऊन त्याच्या घरातलं कोण मारू?

९ जानेवारी

आप्पांचा फोन येतो. मी उचलत नाही. आप्पा जिवंत आहेत हे मला माहीत आहे. भिंतीवर लिहून ठेवलंय. तरी तळहात ओले होतात, दोराचे वळ दिसतात – आणि मी त्यांचं सुतक धरल्यासारखी बसून राहते. कालपासून जेवले नाही.

मथुराबाईंनी घरी कळवलं वाटतं. नको होतं कळवायला.

१२ जानेवारी, सकाळ

दारात आप्पा. त्यांच्या पायजम्यातून पाणी गळतंय – गळत नाही. कोरडा आहे. मी हात लावून पाहिला. कोरडा आहे.

मी किंचाळले म्हणे. ते उंबऱ्यावरच बसले. पोरी, तुझा बाप हाय मी, म्हणाले. रडत होते. आप्पांना रडताना मी कधी –

१२ जानेवारी, दुपार

मी सांगणार नव्हते. देवाशपथ नव्हते सांगणार. त्यांनी डोकं मांडीवर घेतलं, काय दिसतंय ते सांग म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दोर माझ्या हातात आहे. आणि आप्पा, मला समजवायचं म्हणून, लहानपणी ताप आला की माझ्याबरोबर रामरक्षा म्हणायचे तसं, एकेक वाक्य मागून म्हणत गेले – मी तोंडावर हात ठेवला त्यांच्या, तर हात बाजूला करून म्हणाले –

दोर हलका होतो.

किती हलकं वाटलं. विहीर परत आली माझी. पाण्यात मी, काठावर आप्पा. मी हसले. आप्पा, गेलं सगळं, म्हटलं.

आप्पा आपल्या तळहातांकडे बघत होते.

मी समोर उभी राहिले. बाई, जरा बाजूला व्हा, म्हणाले. मला म्हणाले. अहो-जाहो करून.

आता गॅलरीत आहेत. घरी फोन लावलाय. फोन घ्यायला गेले तर ढकलून दिलं, बाहेरून कडी लावली. पोरगी हातातनं गेली म्हणतायत. कशी गेली ते सांगतायत, थांबून थांबून, आईला ऐकू जावं म्हणून – आई, म्हणू नको. मी दार बडवतेय. मी इथं आहे, आई, त्यांच्या मागून म्हणू नको –

स्पीकरवर आईचा आवाज येतोय. मोठ्यानं. जसंच्या तसं.

दोर माझ्या हातात हाय, म्हणतेय. खाली पाणी हिरवं हाय. दोर ओला हाय. दोर –