सतरा नंबरचा नमुना

३ फेब्रुवारी
नाशकात आले एकदाची! नामपूरच्या कांद्याच्या धुळीतून थेट काचेच्या, गारेगार प्रयोगशाळेत. काम मोठं मजेचं आहे. तापाचा विषाणू अंगात वाढताना स्वतःची नक्कल करतो आणि पंधरवड्यात एखादी चूक करतो. ती चूक पुढच्या पेशंटकडे जाते. आमचं यंत्र या चुका वाचतं, मग कोणाचा ताप कोणाकडून आला ते कळतं. नमुने घोटीजवळच्या पाड्यांवरून येतात. ते घेणारी तिथली आशा सेविका मोहिनी आज भेटली. माझ्यासाठी किलोभर इंद्रायणी तांदूळ घेऊन आली होती. आल्या आल्या मैत्रीण मिळाली.

१९ फेब्रुवारी
साथीचं मूळ सापडलं. सतरा नंबरचा नमुना, नवसाबाई. त्या जानेवारीतच वारल्या. आमचे प्रमुख महेश सर खूश आहेत. मूळच गेलं म्हणजे साथ आटोपली, असं त्यांचं म्हणणं.

१४ मार्च
कसली आटोपते! अकरा नवे पेशंट, त्यात चार मुलं. आणि अहवाल डोकं फिरवणारा. एकाच्या अंगात झालेली चूक दुसऱ्यात नाहीच. म्हणजे यांनी एकमेकांना ताप दिलेला नाही, सगळ्यांना तो एकाच माणसाकडून आलाय. त्या माणसात नवसाबाईंचाच विषाणू आहे आणि तो दर पंधरवड्याला नवी चूक करतोय. माणसाच्या अंगाबाहेर तो बदलूच शकत नाही. सरांचा शेरा: नमुन्यांची अदलाबदल, फेरतपासणी करा.

२ एप्रिल
तिसरी फेरतपासणी. उत्तर तेच, शेराही तोच. वैताग आलाय नुसता. तिकडे पोरं मरताहेत आणि मी इथे लेबलं जुळवत बसलेय. शेवटी मोहिनीला फोन करून विचारलं, या सगळ्यांकडे आधी कोण आलं होतं? ती म्हणाली, एक म्हातारी दुपारची येते, तोंडावर पदर असतो, पाणी मागते आणि तांब्याला तोंड लावून पिते. मी चिडले, देता कशाला? तर म्हणते, "ताई, पानी मागनाऱ्याला आमच्याकडं नाय म्हनत नाय." मग मीच तिला सांगितलं, आता आली की तिच्या घशाचा नमुना घे.

९ एप्रिल
नमुना आला. नावाची जागा कोरी. फोनवर मोहिनी एवढंच बोलली, "हात लय गार व्हता तिचा."
यंत्राचं उत्तर: सतरा नंबर, नवसाबाई. जानेवारीपासूनच्या सगळ्या चुका, ओळीने.
सर म्हणाले, फेरतपासणी. फाईल आपटून आले.

१६ एप्रिल
मोहिनीला ताप. बावन्न नंबरचा नमुना तिचाच. मी पाठवलं तिला. मी.

२१ एप्रिल
मोहिनी गेली. सर म्हणतात, फॉर्मवर नाव लिहिलं नाही हा तिचा हलगर्जीपणा —
माणूस आहे का हा?

८ मे
नवे नमुने. आता मुळं दोन. सतरा — आणि बावन्न. बावन्नच्या विषाणूत नवी चूक, तिच्या नमुन्यात नसलेली. ती जाऊन सतरा दिवस झाले —
सरांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. फेरतपास —

९ मे
दुपारचे दोन. सगळे जेवायला गेलेत. काचेच्या दाराबाहेर कोणी — तोंडावर पदर. हातात नमुन्यांची पेटी. मोहिनीचीच.
"ताई, वाईच पानी द्या ना."
टेबलावर माझी भरलेली बाटली —
मीच पाठवलं होतं तिला. आता नाही कसं म्ह