प्रेरणाचा अर्ज

१७ जानेवारी

इंदूबाई आज शाळेच्या खिचडीचं पातेलं उतरवून थेट माझ्या वर्गात आली. नातीचा, प्रेरणाचा, अर्ज भरून द्या म्हणाली. बोरीच्या इंग्रजी शाळेचा, गरिबांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतला. नंबर लागला तर फी सरकार भरतं. तिचा मुलगा अमर लोहाऱ्याच्या कारखान्यात, घरी दुसरा मोबाईल नाही. म्हणून नंबर माझाच टाकला. सगळं भरलं, उत्पन्नाचा दाखला तेवढा राहिला.

१९ जानेवारी

इंदूबाईनं दाखला आणून दिला. अर्ज पाठवायचं शेवटचं बटण मात्र माझ्याकडून दाबलं गेलं नाही. उद्या.

२० जानेवारी

जूनमध्ये पहिलीत येतील अशी मुलं मोजली. चार! प्रेरणा गेली तर तीन.

शंकरसिंग सर, आमचे मुख्याध्यापक, चिडले होते. “इथलं छप्पर तीन वर्षं गळून राह्यलं, त्याले पैसा नाही. अन् तिकडची फी भराले आहे! आपली शाळा आपल्याच पैशानं रिकामी करा म्हणा.” मी मान हलवली. खोटं काय त्यात?

पण डोळ्यांपुढे प्रेरणा होती. अंगणवाडीतून सटकून माझ्या वर्गाच्या उंबऱ्यावर येऊन बसते. फळ्यावरचं पहिलीच्या पोरांआधी वाचते, आणि मग तोंडावर हात ठेवते. असं मूल किती वर्षांनी येतं! मला ती हवी आहे. शाळेसाठी, की माझ्यासाठी?

जाताना सर बजावून गेले — एका मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद, पालकांना सांगा. सगळ्यांना सांगितलं. इंदूबाईला नाही. तिचा तर माझ्याजवळच आहे.

२२ जानेवारी

“झाला नं अर्ज?” इंदूबाईनं विचारलं. मी हो म्हणाले. खोटं इतकं सहज निघतं!

वर आणखी बोलत सुटले. आपली शाळा काय वाईट आहे, मुलाचा पाया मातृभाषेतच पक्का होतो, वगैरे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचा अभिषेक कोण्या शाळेत होता, म्याडम?”

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

यवतमाळला. इंग्रजीच. तेव्हा मला कुणी पाया-बिया ऐकवला नाही, कारण फी मी भरत होते. माझ्या पगारातून. आणि पगार देतं कोण? सरकारचाच पैसा माझ्या हातातून गेला की माझी निवड. तिच्या नातीसाठी गेला की चर्चा!

सरांचं छप्पर तरीही खरंच आहे. दोन्ही खरं आहे. मला उभं राहायला जागा सापडत नाही.

२४ जानेवारी

इंदूबाई रोज पहिली वाटी मला देते, मीठ बघायला. आजही दिली. चव न बघताच मीठ बरोबर आहे म्हणाले.

२८ जानेवारी

आज अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी प्रेरणा उंबऱ्यावर नव्हती. आत येऊन पहिलीतल्या ओमच्या शेजारी बसली होती, त्याच्या पुस्तकावर बोट ठेवून त्याला वाचायला लावत होती. मी किती वेळ बघत राहिले.

शाळा सुटल्यावर बटण दाबलं. मेसेज आला — अर्ज सादर झाला.

इतकं हलकं वाटलं! उद्या इंदूबाईला सगळं सांगून टाकायचं. मग रागावू दे.

२९ जानेवारी

सांगायला घेतलं. अर्ज मी अडवून ठेवला होता, एवढंच म्हणाले, तोच ती हसली. “मले त्याच दिवशी समजलं होतं, म्याडम. तुमचं तोंडच सांगत होतं. म्हणून तं अमरनं रविवारी लोहाऱ्यातूनच भरून टाकला. तुमचा राहू द्या तसाच. मनावर नोका घेऊ.”

आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली.

मुदत काल संपली. काल मी बटण दाबलं, हे अजून तिला सांगितलेलं नाही.