कोकिलाबेन आणि दारावरची पाटी

सोमवार, दिवाळीला आठ दिवस
ठरलं. या दिवाळीत घरातून कचऱ्याची रोज एकच बादली. गेल्या वर्षी पाडव्याला दारात इतक्या पिशव्या होत्या की झाडूवाली म्हणाली, "बेन, लग्न होतं काय घरी?" लाज वाटली. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." पेपर खाली न करता.

बुधवार
माळा काढला. मिठाईची रिकामी खोकी निघाली, एकात एक घातलेली. हे म्हणाले, "कामाला येतात." कुठल्या कामाला?

शुक्रवार
दारावर पाटी लावली, मराठीत नि गुजरातीत. 'मिठाई खोक्यातून आणू नये. घरच्या डब्यातून चालेल.' अक्षर छान आलंय. आमच्या मांजलपूरभर लावावी अशी.

शनिवार
घोळ. समोरच्या फ्लॅटमधल्या कोकिलाबेन पाटी वाचून परत गेल्या. ह्यांनी खिडकीतून पाहिलं. हातात खोकं होतं. "काजूकतलीच असणार," हे म्हणाले, फार दुःखानं. वीस वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणाचा शिरा त्यांच्या हातचा.

धनत्रयोदशी
कोकिलाबेनकडे स्टीलच्या डब्यात चिवडा घेऊन गेले. घेतला. माझ्यासमोर ताटात ओतला, डबा विसळला, पुसला आणि रिकामा परत दिला!! आजवर आमच्यात डबा रिकामा गेलेला नाही, निदान साखर तरी. घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला. बघवेना.

लक्ष्मीपूजन
ह्यांचे जुने साहेब आले, फतेगंजहून. पिशवीत खोकं, खोक्यात खोकं, त्यात प्लास्टिक, त्यात बारा पेढे. पाटी वाचली नव्हती. मी पेढे ताटलीत काढले आणि बाकी सगळं गोड बोलून त्यांना परत दिलं. साहेबांनी मुकाट्यानं स्कूटरच्या डिकीत कोंबलं. हे त्यांच्यामागे खाली गेले ते अर्धा तास आले नाहीत. आल्यावर फक्त, "सुनंदा, अगं..."
बादली मात्र अर्धीच. पण सांगायचं कुणाला?

पाडवा
सकाळपासून सोसायटीत 'साल मुबारक'. कोकिलाबेन चारही मजले फिरल्या, आमचं दार सोडून. चप्पल वाजली, पुढे गेली.
पाटी काढली. गेले. "साल मुबारक, बेन. चुकलं माझं."
"सुनंदाबेन, तोंडाने बोलायचं ने! पाटी कशाला मारली? खोकं तर मी परत घेऊन जाणार होते. सुया-दोरे ठेवायला."
उभीच राहिले. पाणी दिलं त्यांनी. बस म्हणाल्या नाहीत.

भाऊबीज
सकाळी बेल. दारात कोणी नाही. जमिनीवर ही मोठी टोपली, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली, वर तीन रिबिनी, आत थर्माकोल. चिठ्ठी नाही. समोरचं दार बोटभर उघडं.
हे : "समेट आहे."
मी : "सूड आहे."
परत कशी करणार आता! दारातच बसून सोलायला घेतलं. सेलोफेनचा केवढा आवाज, जिनाभर. समोरून काहीतरी ऐकू आलं. हे म्हणतात, हसल्या. मला खोकल्यासारखं वाटलं.