वरचे चौदा थर

आबा, तुम्ही बांधलेली गुऱ्हाळाची चिमणी आज पुन्हा धूर ओढायला लागली. सकाळी चुलवाणात चिपाडं सारली, तेव्हा मी देवाचं नाव घेत लांब उभी होते. धूर आधी तोंडाशी घोटाळला, मग आत वळला आणि वर निघून गेला. हे माझ्याकडे बघून नुसते हसले. पहिला गूळ देवापुढे ठेवला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा पत्र मीच वाचून दाखवायचे. आता लिहिणारीही मीच.

गेल्या हंगामाच्या शेवटी धूर मागे फिरायला लागला होता. कढईवर बसलेल्या गुळव्याचे डोळे चुरचुरायचे, पाकाला धुराचा वास यायचा. दसऱ्यानंतर शहाद्याहून एका ठेकेदाराला बोलावलं. उसाच्या मोळ्या उतरवतात तिथे रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाला, "पायापासून झुकलीय. पाडावी लागेल. नवीन बांधायची तर दीड लाख धरा." दीड लाख आमच्याकडे नव्हते असं नाही. पण तेवढे घालून गुऱ्हाळ चालवण्यापेक्षा ऊस कारखान्याला देऊन मोकळं व्हावं, असं ह्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. म्हणजे गुऱ्हाळ बंद, चिमणी जमीनदोस्त. माझ्या मनात मात्र एकच शब्द अडकून राहिला. पायापासून. पाया तुम्ही घातला होता. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, माझ्या सासऱ्यांसाठी. तेच काम बघून त्यांनी आपल्या घरी सोयरीक विचारली होती.

मला कोरीट गावचा तो दिवस आठवतो. मी नुकती मॅट्रिक झालेली, गणितात चांगले मार्क, डोकं हवेत. वीटभट्टीवाल्याने तुम्हाला त्याच्या चिमणीची डागडुजी विचारली होती आणि तुमची भाकरी घेऊन मी तिथे आले होते. तुम्ही काही बोलायच्या आत मी खालूनच थर मोजले, विटा मोजल्या, मजुरी लावली आणि आकडा सांगून मोकळी झाले. भट्टीवाला म्हणाला, "पोर हुशार शे!" तुम्ही हसला नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "एक बाजू देखीसन भाव सांगस? चाल, फिर."

मी फिरले. रडकुंडीला येऊन, पण चारी बाजूंनी फिरले. तुम्ही पितळी वजन लटकवलेला ओळंब्याचा दोरा माझ्या हातात दिलात, हात लांब धरायला लावलात आणि एक डोळा मिटून चिमणीची कड त्या दोऱ्याशी लावून बघायला सांगितलंत. कड आत गेलेली दिसली. मी ओरडले, "आबा, झुकेल शे!" मग तुम्ही मला तिथेच ठेवून दुसऱ्या कडेशी दोरा लावायला लावलात. तीही तेवढीच आत. चिमणी वर निमुळती होत जाते, म्हणून दोन्ही कडा आत येतात. सारख्या आल्या तर सरळ, एक जास्त आली तर वाकडी. एवढं सांगून तुम्ही शिडी लावलीत, गवंडीकामाच्या करणीच्या दांड्याने विटा ठोकत वर गेलात, आणि मला खालून कोणती पक्की खणकते, कोणती सुटलेली बद वाजते ते ओळखायला लावलंत. माझ्या आकड्याच्या निम्म्यात ते काम झालं. घरी आल्यावर तुम्ही स्वतः चुलीपुढे बसून मला गरम भाकरीवर तेल-तिखट घालून दिलंत. रागावल्याचं एवढंच परत घेणं तुम्हाला येत होतं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, मी रुसूनच खाल्लं.

आणि लग्नात तुम्ही तो पितळी ओळंबा माझ्या ओटीत घातलात! आत्या म्हणाली, "पोरले सासरी भिंती बांधनी शेत का?" सगळा मांडव हसला. तुम्ही म्हणालात, "पितळ शे. अडचण उनी ते इकी खाई." अडचणी आल्या, आबा, पण ओळंबा विकला नाही. देवघरात आहे. दसऱ्याला हळदीकुंकू लावते, त्यालाही आणि तुमच्या फोटोलाही.

तर ठेकेदार दुसऱ्यांदा आला, पाडायची तारीख सांगायला, तेव्हा मी देवघरातून ओळंबा काढून आणला. हे म्हणाले, "तुन्हा बाप गवंडी व्हता, तू नही!" मी म्हटलं, बघू तर द्या. रस्त्याच्या बाजूने दोरा धरला. कड आत होती, दोन बोटं. दुसरी कड तिथून दिसतच नव्हती, मधे पत्र्याची शेड. एवढीच गोष्ट होती. ठेकेदाराने जे दिसलं ते पाहिलं, जे झाकलेलं होतं ते सोडलं. मी शेड ओलांडून पलीकडे उसात शिरले, तेवढंच अंतर धरून मागे सरले, पातीने हात कापला. तीही कड दोन बोटं. मग बाकीच्या दोन बाजू. सगळ्या सारख्या. फक्त टोकाशी चिमणी एका अंगाला ढळली होती, टोपी तिरपी बसावी तशी.

ठेकेदाराला ओळंबा दिला. तोही फिरला. हे त्याचं मोठेपण, मी मान्य करते. त्याने आपला माणूस शिडीने वर चढवला आणि वरून ठोकत खाली यायला सांगितलं. मी मोजत होते. एक, बद. दोन, बद. सात, आठ, तसंच. हे बद असंच खालपर्यंत चाललं असतं तर ठेकेदार खरा ठरला असता. चौदा, बद. पंधरावा थर खणकन वाजला. सोळावा, सतरावा, सगळे वाजत खाली आले. हेही मान वर करून ऐकत होते. म्हणाले, "अरे, हाई ते देवळानी घंटा शे!"

चौदा थर, थराला चोवीस विटा, फूटतूट धरून चारशे. चुना, सुरखी, मजुरी, आणि सगळ्यात महाग ती वर चढून काम करायची बांबूंची परांची. अठ्ठावीस हजारांच्या आत बसलं. ठेकेदार म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्याकडे मुकादम म्हणूनच या." ह्यांनी चहा मागवला आणि कारखान्याचं नाव काढलं नाही.

ते चौदा थर का गेले, ते कोणी विचारलं नाही. उन्हापावसानं गेले असतील, असं मीच म्हटलं. आबा, ते थर तुमचे नव्हतेच. तुमच्यानंतर तिसऱ्या वर्षी वादळात टोक पडलं होतं. चुना भिजवायला आठ दिवस लागणार होते आणि हंगाम तोंडावर होता. सासऱ्यांनी तुमच्या पद्धतीने करू म्हटलं, तर मीच हिशोब मांडून दाखवला की सिमेंटात वेळही वाचतो आणि पैसाही. रोजच्या तापण्या-निवण्याने ते सिमेंट तडकत गेलं, फटींतून गार हवा शिरून धुराची ओढ गेली. तुमच्या चुन्याला काही झालं नाही.

तो हिशोब माझा होता, हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. हा कागद घडी करून ओळंब्याखाली ठेवणार आहे, तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. आणि अजून एक, तुमच्यापासून काय लपवायचं? दुरुस्तीआधी ठेकेदार सामानाची यादी करायला बसला, तेव्हाही माझ्या तोंडून आधी सिमेंटचाच भाव विचारला गेला.